एका रीलच्या मागोमाग: स्काय बेटापासून तंजावरपर्यंत

शुक्रवार, एडिनबरा

'लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील' ही फिडलवर वाजवायची नाचाची चाल. ती अठराव्या शतकात स्कॉटलंडात बांधली गेली, आयर्लंडात रुळली, अमेरिकेत गेल्यावर तिचं नाव बदललं आणि मद्रासेत कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी तिच्यावर संस्कृत शब्द बसवले. दीक्षितरांच्या 'जगदीश गुरुगुह'ची चाल मूळची ही, असं नोट्टुस्वरांचे, म्हणजे पाश्चात्त्य चालींवर बांधलेल्या त्यांच्या रचनांचे, अभ्यासक सांगतात. मी व्हायोलिन हिंदुस्थानी पद्धतीने वाजवते, पुण्यात चार मुलांना शिकवते. नोट्टुस्वरांबद्दल वाचल्यापासून ही चाल तिच्या दोन्ही टोकांना जाऊन ऐकायची इच्छा होती. सप्टेंबरमध्ये स्कॉटलंड आणि जानेवारीत तामिळनाडू असा बेत ठरला. भाचा ग्लासगोला शिकतो. "मावशी, तू फक्त ये, गाड्यांचं मी बघतो," म्हणाला.

सकाळी सामान टाकलं आणि थेट जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरच्या नॅशनल लायब्ररीत गेलो. जुन्या छापील स्कॉटिश संगीताचा 'ग्लेन संग्रह' इथे आहे. अठराव्या शतकातले नामवंत स्कॉटिश फिडलवादक नील गो आणि त्यांच्या मुलांनी छापलेले संग्रह मला पाहायचे होते. ताम्रपटावरून छापलेली ती पानं आडवी, रुंद. वरच्या ओळीत फिडलची चाल, खालच्या ओळीत चेलोसाठी खर्ज. नील गोंचा भाऊ डोनल्ड त्यांच्याबरोबर चेलो वाजवायचा, त्यामुळे ही खालची ओळ शोभेची नव्हे, खरोखर वाजवली जाणारी. पानावर चाल अगदी सडपातळ दिसते. गजाचा जोर कुठे, स्वर कुठे तोडायचा, कुठे दोन तारा एकदम छेडायच्या, यातलं फारसं काही लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या बंदिशीच्या पुस्तकांसारखंच हे: ज्याला येतं त्याच्यासाठी आठवण, ज्याला येत नाही त्याच्यासाठी निव्वळ आराखडा.

दुपारी काउगेटजवळचा सेंट सिसिलियाज हॉल पाहिला. १७६३ साली खास मैफलींसाठी बांधलेली ही वास्तू. अठराव्या शतकातल्या एडिनबऱ्यात एकच वादक संध्याकाळी कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या रचना वाजवी आणि रात्री उशिरा नाचाला रील. शास्त्रीय आणि लौकिक यांच्यात आज आपण घालतो तेवढी उंच भिंत तेव्हा तिथे नव्हती. पुढे मद्रासेत जे घडलं ते समजून घ्यायला हे लक्षात ठेवायला हवं.

रात्री फॉरेस्ट रोडवरच्या सँडी बेल्समध्ये. इथे रोज रात्री कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक जमतात. मंच नाही, माइक नाही, निवेदन नाही. कुणीतरी चाल उचलतो, बाकीचे दोन मापांत सामील होतात. चाल दोनतीनदा फिरली की कुणीतरी मान वर करतो आणि सगळे न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात. एका पांढऱ्या दाढीच्या फिडलवाल्याला भाच्याने माझी फर्माइश सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "भारतातून? या चालीसाठी?" आणि सुरू केली.

जी मेजर. म्हणजे आपल्या भाषेत सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाट. चारच्या लयीत सुटलेले स्वर, एका मात्रेत दोन दोन, श्वास घ्यायला जागा नाही. चाल षड्जाभोवती झेपा घेते, वर जाते, पुन्हा खाली येऊन तोच तुकडा जरासा फिरवून सांगते. डाव्या हातापेक्षा मी गजाकडेच बघत होते. आमच्या पद्धतीत गज लांब ओढायचा, एका गजात अख्खी मींड. इथे गजाचा जेमतेम वीतभर भाग वापरात, आणि सगळा ठेका त्या मनगटात. तबला नाही, ढोल नाही, तरी पाय हलत होते. नाचणाऱ्यांसाठी एकट्या फिडलने ताल आणि सूर दोन्ही सांभाळायचे, ही या संगीताची मूळ गरज, आणि तिच्यातूनच त्याचं सौंदर्य आलेलं आहे.

शनिवार, डंकेल्ड

आगगाडीने डंकेल्ड अँड बर्नम. टे नदीच्या काठची दाट झाडी, पलीकडे इन्व्हर. नील गो (१७२७–१८०७) इथलेच. त्यांचं छोटं घर अजून उभं आहे. नदीकाठाने चालत गेलं की त्यांच्या नावाचा ओक वृक्ष लागतो. त्याच्याखाली बसून ते चाली बांधायचे असं गावात सांगतात.

१७४५ मधली एक गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. फिडलवादनाची स्पर्धा होती, परीक्षक जॉन मॅक्रॉ दृष्टिहीन होते. पहिला नंबर अठरा वर्षांच्या नीलला देताना ते म्हणाले की शंभर वादकांत मी याचा गज ओळखेन. सूर नव्हे, बोटं नव्हेत, गज! गोंच्या गजाचा वर जाणारा फटकारा विशेष गाजलेला होता. बहुतेकांचा गज वर जाताना दुबळा होतो, त्यांचा तिथेच जोर धरायचा. नदीकाठच्या बाकावर व्हायोलिन काढून मी तसं वाजवून पाहिलं. मनगट लवकर भरून येतं, पण ठेका कसा उभा राहतो ते हाताला कळतं. ऐकून कळण्यात आणि हाताला कळण्यात फरक आहे.

दुपारी ब्लेअर कॅसल. नाचाच्या मोठ्या दालनात चित्रकार रेबर्नने काढलेलं गोंचं चित्र आहे आणि त्यांचं फिडलही. चौकटीची विजार, गुडघे जवळ घेऊन बसलेले, फिडल हनुवटीखाली. ड्यूक ऑफ अ‍ॅथॉल त्यांचे आश्रयदाते. राजाश्रयावर जगणारा कलावंत आपल्याला नवा नाही. पण गोंनी चाली छापून विकल्याही, आणि त्या छापील पानांमुळे या पर्थशायर भागाचं वादन बोटीवर चढून जगभर जाऊ शकलं.

सोमवार, मालेग

ग्लासगो ते मालेग, दिवसभराची गाडी. ग्लेनफिननच्या पुलावर सगळे खिडकीशी गर्दी करतात. मालेगला मासळीचा वास, सीगलचा गोंगाट आणि पाऊस. मुक्काम.

मंगळवार, आर्मडेल, स्काय बेट

सकाळच्या फेरीबोटीने स्लेटच्या द्वीपकल्पावर उतरलो. स्काय बेटाचा हा दक्षिण भाग मॅकडोनल्ड घराण्याचा. धक्क्यापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर आर्मडेल कॅसलची बाग आणि मॅकडोनल्ड कुळाचं संग्रहालय आहे. कॅसल म्हणजे १८१५ च्या सुमारास बांधलेल्या वाड्याच्या उरलेल्या भिंती. छप्पर नाही, खिडक्यांच्या कमानींतून समोरची खाडी दिसते.

ज्याच्या नावाने ही रील ओळखली जाते तो अलेक्झांडर मॅकडोनल्ड याआधीच्या घरात राहायचा. स्लेटचा नववा बॅरोनेट, १७७६ पासून पहिला लॉर्ड मॅकडोनल्ड, मृत्यू १७९५. संगीताची खरी जाण असलेला माणूस, आणि ही चाल त्यानेच बांधली असं मानतात. चाल ऐकून मलाही पटतं की ती कुणा जाणकाराच्या हातची आहे. इतके कमी स्वर घेऊन इतकी खेळती ठेवणं सोपं नसतं.

पण संग्रहालयात याच माणसाची दुसरी बाजूही समोर येते, आणि ती बाजूला सारून मला ही चाल ऐकता येत नाही. १७७० च्या आसपास त्याने जमिनीचे खंड वाढवले. खंड भरता येईना तेव्हा माणसं बोटी धरून उत्तर कॅरोलिनाला जाऊ लागली. १७७३ च्या सप्टेंबरात लेखक सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल प्रवास करत आर्मडेलला आले. यजमानाची कंजुषी त्यांना खुपली आणि बॉझवेलने ती लिहूनही ठेवली. त्याहून महत्त्वाची नोंद त्याने पुढच्या महिन्यात इथेच केली. या घरात संध्याकाळी नाच होत आणि त्यांत एक नवा नाच निघाला होता. त्याचं नाव 'अमेरिका'. एक जोडी फिरायला लागायची, मग दुसरी, मग तिसरी, असं करत सगळी खोली फिरू लागायची. स्थलांतराची लागण एका घरातून दुसऱ्या घराला कशी होते आणि शेवटी सगळा गाव कसा उठतो, ते या नाचात दाखवलं आहे, असं बॉझवेलला वाटलं. त्याला आणखी एक गोष्ट कळली. आदल्या वर्षी पोर्ट्रीहून बोट सुटली तेव्हा किनाऱ्यावर उरलेली माणसं जमिनीवर लोळली होती, दातांनी गवत उपटत होती. यंदा बोट सुटली तेव्हा कुणी रडलं नाही. मागे राहिलेल्यांना वाटत होतं, आपणही लवकरच जाणार.

मी हे वाचलं आणि बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिले. नाचाची चाल म्हटली की आपल्याला आनंद दिसतो. पण नाचाच्याच रूपात या लोकांनी आपलं उठून जाणं मांडून ठेवलं. सरळ बोलायची सोय नसते तेव्हा माणसं ते पायांनी सांगतात. आपल्याकडच्या ओव्यांत बायकांनी सासरचं जे सांगितलं तेही याच जातीचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

भाच्याने विचारलं, "मग मावशी, ज्याने माणसं घालवली त्याचंच नाव चालीला?"

"चालीला त्याचं नाव आहे, पण ती जगभर पोचवली त्या गेलेल्या माणसांनी," मी म्हटलं.

त्याच लॉर्डने १७७७–७८ मध्ये इंग्रज सरकारसाठी ७६ वी हायलँड पलटण उभी केली. ती अमेरिकेच्या युद्धात लढली आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेली. बंडखोर राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट याला वाचवणारी फ्लोरा मॅकडोनल्ड हिचं लग्न १७५० साली आर्मडेललाच झालं होतं. तीही १७७४ मध्ये नवऱ्याबरोबर उत्तर कॅरोलिनाला गेली आणि काही वर्षांनी परतली. खंड, पलटण, बोट. स्कायवरून माणसं बाहेर पडली ती या तीन वाटांनी, आणि कानातल्या चाली त्यांच्याबरोबर गेल्या. त्यांना जकात नव्हती आणि वजनही नव्हतं.

दुपारी थोडं पुढे साबाल मोर ओस्टेग या गेलिक भाषेच्या (इथल्या जुन्या बोलीच्या) महाविद्यालयात गेलो. १९७३ मध्ये ते जमीनदारीतल्याच जुन्या शेतघराच्या मोठ्या कोठारात सुरू झालं. आज तिथे मुलं गेलिकमध्ये शिकतात, गातात, फिडल वाजवतात. आवारात एक मुलगी सराव करत होती. तिला चाल माहीत होती आणि मी कशासाठी आले ते कळल्यावर तिने ती दोनदा वाजवून दाखवली. एकदा भरधाव, आणि एकदा मला बोटं दिसावीत म्हणून सावकाश. तिच्या वादनात एडिनबऱ्यापेक्षा वेगळी एक धार होती. बॅगपाइपच्या संगीतावर वाढलेल्या भागात फिडलही पाइपसारखी बोलते. मी तिला बिलावलचे आरोह-अवरोह वाजवून दाखवले. मग मींड दाखवली, तेव्हा तिने गज खाली ठेवून हात पुढे केला आणि माझी बोटं तारेवर कशी सरकतात ते जवळून पाहिलं.

बुधवार, परतीची गाडी

आज प्रवासच. गाडीत कानाला यंत्र लावून या चालीची बाहेरगावची रूपं ऐकली.

आधी मायकेल कोलमन. स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिलचा हा फिडलर १९१४ मध्ये न्यूयॉर्कला गेला. १९२१ पासून त्याच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या निघाल्या आणि त्यांत ही रीलही आहे. त्याने कोपरे घासून गोल केलेत, स्वरांना मुरक्या लावल्यात. या तबकड्या बोटीने परत आयर्लंडात गेल्या आणि खेड्यापाड्यांतल्या वादकांनी त्यांवरून आपलं वादन बदललं. एका माणसाच्या सुंदर वाजवण्याने गावोगावच्या निराळ्या शैली झाकोळल्या गेल्या, याची हळहळ जाणकारांना आजही वाटते. आपल्याकडे ग्रामोफोनने ख्यालाचं आणि नाट्यपदाचं काय केलं ते ज्यांना माहीत आहे त्यांना ही हळहळ समजेल.

मग व्हर्जिनियातले हेन्री रीड (१८८४–१९६८). अ‍ॅलन जॅबूर या तरुण अभ्यासकाने १९६६–६७ मध्ये ग्लेन लिन गावी जाऊन त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. ते सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसने खुलं करून ठेवलं आहे. त्यात हीच चाल 'लेदर ब्रिचेस', म्हणजे कातडी विजार, या नावाने आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ भागात ती घरोघर याच नावाने वाजते. लॉर्ड गेला, मॅकडोनल्ड गेला, विजार आली. गजाची पद्धत पार बदललेली: लांब जोडलेले फटकारे, जोर मात्रेच्या अलीकडे-पलीकडे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वादनाचा त्या सगळ्या प्रदेशातल्या फिडलवर खोल संस्कार आहे आणि तो या चालीतही ऐकू येतो. स्वरांचा क्रम मात्र कानाला लगेच ओळखू येतो. मी भाच्याला काही न सांगता ऐकवलं. दुसऱ्याच ओळीला तो म्हणाला, "ही तीच."

जानेवारी. सोमवार, चेन्नई

मार्गळीचा संगीतमहोत्सव नुकताच आटोपला होता. मैलापूरच्या उपाहारगृहांत अजून त्याच गप्पा चालल्या होत्या.

सकाळी फोर्ट सेंट जॉर्ज. किल्ल्यात राज्याचं सचिवालय असल्यामुळे तपासणी कडक, पण संग्रहालय आणि १६८० चं सेंट मेरीज चर्च पाहता येतं. चर्चच्या भिंतींवरच्या स्मृतिशिला वाचत गेलं की स्कॉटिश आडनावं पुन्हा पुन्हा भेटतात. १७८६ ते १७८९ मद्रासचा गव्हर्नर असलेला आर्चिबाल्ड कॅम्पबेल स्कॉटिश. १८२० पासून गव्हर्नर असलेला टॉमस मन्रो ग्लासगोचा. मन्रोचा घोड्यावरचा पुतळा किल्ल्यापासून जवळच, आयलंड मैदानाच्या बाजूला आहे.

आणि पलटणी. ७३ वी हायलँड पलटण १७८० मध्ये मद्रासला उतरली. पुढल्या वर्षी पोर्टो नोव्होच्या लढाईत तिच्या पाइपवाल्याचं वादन ऐकून सेनापती आयर कूट इतका खूश झाला की त्याने त्याला चांदीचे पाइप कबूल केले. मराठी वाचकाला या पलटणींपैकी दोन दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हव्यात: ७४ वी आणि ७८ वी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना भागातल्या असईला वेलस्लीच्या फौजेत त्या शिंदे-भोसल्यांविरुद्ध लढल्या आणि ७४ वीची तिथे फार मोठी हानी झाली. आपण ती लढाई तोफा आणि तह यांच्यासाठी शिकतो. त्या छावण्यांमध्ये संध्याकाळी काय वाजत असेल हे शाळेच्या पुस्तकात येत नाही.

किल्ल्यातल्या बँडवर कूच, जिग, रील, कंट्री डान्स, राजाचं गीत असं सगळं वाजायचं. ते ऐकायला येणाऱ्यांत कंपनीचे दुभाषी असत. त्यांपैकी एक मणलीचे वेंकटकृष्ण मुदलियार. संगीताचे मोठे रसिक. त्यांनी आपल्या आश्रयाला असलेल्या रामस्वामी दीक्षितरांच्या मुलांना हा बँड ऐकायला किल्ल्यात आणलं. थोरला मुत्तुस्वामी, धाकटा बालुस्वामी. थोरल्याने चाली उचलल्या, धाकट्याने वाद्य उचललं. मुदलियारांनी बालुस्वामींना युरोपीय शिक्षकाकडून व्हायोलिन शिकवलं आणि त्यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. आज दक्षिणेत व्हायोलिनशिवाय गाण्याची मैफल उभी राहत नाही, त्याची सुरुवात या एका घरात झाली. व्हायोलिन वाजवणारी मी, मला त्या किल्ल्याच्या अंगणात उभं राहून नमस्कार करावासा वाटला आणि मी केला.

मंगळवार, मणली

उत्तर चेन्नईतलं मणली आता तेलशुद्धीकरण आणि खतांच्या कारखान्यांचं गाव आहे. टँकरांच्या रांगा, हवेला रसायनांचा वास. दीक्षितरांच्या काळाची ओळख पटवणारं मला फारसं काही सापडलं नाही. देवळात जाऊन आले. रात्री एग्मोरहून तंजावरची गाडी.

बुधवार, तंजावर

तंजावर म्हणजे मराठी माणसाला अर्धं घर. व्यंकोजीराजे भोसले इथे १६७० च्या दशकात आले आणि तेव्हापासून मराठी इथे बोलली जाते. माझा मुक्काम एका तंजावर-मराठी कुटुंबात होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "अक्का, आमचं बोलणं समजतं ना तुम्हाला?" समजत होतं. त्यांच्या बोलण्याची चाल तमिळच्या अंगाने जाणारी, पण मध्येच एखादा शब्द असा येई की तो मी फक्त पोथीत वाचलेला. आजींनी केळीच्या पानावर जेवायला वाढलं आणि सगळं सांगून-सांगून खायला लावलं.

सकाळी बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवरचा मराठी शिलालेख पाहिला. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी लिहिलेला भोसल्यांचा इतिहास, १८०३ सालचा. भिंतीवर ओळींमागून ओळी. असईची लढाई त्याच वर्षी झाली. उत्तरेत मराठी सत्ता हायलँड पलटणींसमोर खचत होती, तेव्हा दक्षिणेत एक मराठी राजा आपल्या घराण्याची कथा दगडावर कोरून घेत होता. सत्ता त्यालाही उरलेली नव्हती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता.

सरफोजींनी (१७७७–१८३२) मग जे केलं ते मला फार मोठं वाटतं. कारभार गेल्यावर त्यांनी विद्या हातात घेतली. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या आणि मोडी कागद, त्यांच्याच शेजारी युरोपातून मागवलेली पुस्तकं. राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला आणि त्यासाठी इंग्लंडहून वाद्यं आणि छापील स्वरलिपी मागवल्या. त्यांचं शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली झालं होतं. पण या संग्रहात परक्याची नक्कल करण्याची घाई दिसत नाही. सगळं समोर मांडून नीट समजून घ्यावं, अशी वृत्ती दिसते. संग्रहालयाच्या दालनात मांडलेल्या वस्तू पाहताना एडिनबऱ्याच्या ग्रंथालयातली ती आडवी पानं डोळ्यांसमोर येत होती. एकाच काळात, दोन इतक्या दूरच्या गावांत, माणसं तसल्याच कागदांवरून वाजवत होती.

याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आजचा भरतनाट्यमचा क्रम त्यांनी बसवला. ते मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. वडिवेलू उत्तम व्हायोलिन वाजवत. त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. गोऱ्यांचा बँड, मराठी राजा, तेलुगू-तमिळ कलावंत, संस्कृत रचना हे सगळं एका गावात एकमेकांच्या अंगणात नांदत होतं. 'शुद्ध परंपरा' असा धोशा लावणाऱ्यांनी तंजावरला येऊन एकदा हे पाहावं.

गुरुवार, तंजावर

आजींच्या ओळखीने एका व्हायोलिन-शिक्षिकेकडे गेले. सगळे त्यांना मामी म्हणतात, मीही म्हणू लागले. खाली सतरंजी. मामी मांडी घालून बसल्या, उजवं पाऊल थोडं पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकलेलं. अशाने डावा हात मोकळा राहतो आणि बोट तारेवर वाटेल तसं फिरवता येतं. गमकाला, म्हणजे स्वर झुलवायला, ते लागतंच. तारा सा-प-सा-प. स्कायवरची मुलगी उभी राहून सा-प-रे-ध अशा पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावलेल्या तारांवर वाजवत होती. वाद्य एकच, बैठक निराळी, आणि बैठकीबरोबर सगळं संगीत निराळं.

मुलांनी 'शक्तिसहित गणपतिम्' आणि 'जगदीश गुरुगुह' म्हणून दाखवलं. नोट्टुस्वर साधारण चाळीस आहेत. सगळे शंकराभरणाच्या सरळ स्वरांत, म्हणजे पुन्हा आपला बिलावल. गमक नाही, भाषा संस्कृत. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना ते शिकवतात म्हणून त्यांना बालगीतं समजण्याची पद्धत पडली आहे. मला हे मान्य नाही. कमलांबा देवीवरच्या नवावरण कृतींसारख्या अतिसंथ, गहन रचना करणारा माणूस, काशीत राहून ध्रुपद कानात साठवून आलेला, तो जेव्हा सरळ स्वर सरळच ठेवतो तेव्हा ते जाणूनबुजून केलेलं असतं. गमक लावून ही चाल त्यांना सहज 'आपली' करता आली असती. त्यांनी तिचा अंगस्वभाव राखला आणि फक्त देवाचं नाव दिलं. शेवटी आपली मुद्रा 'गुरुगुह'. दुसऱ्याच्या वस्तूचा आदर करून ती आपल्या देवघरात ठेवण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

मग मी रील वाजवली. आधी सँडी बेल्सच्या वेगात, वीतभर गजाने. मुलं टाळ्या पिटायला लागली, एकजण उठून नाचलाच. मामींनी मुलांना त्याच वेगात 'जगदीश गुरुगुह' म्हणायला लावलं. जमेना. 'गुरुगुह' तोंडात गोळा होऊन जाई.

"कमी करा, अजून कमी," मामी मला म्हणाल्या. त्यांनी मांडीवर ताल धरला आणि लय खाली आणली. एका ठिकाणी येऊन शब्द स्वच्छ बाहेर पडू लागले. तिथे गजाचे ते छोटे फटकारे निरर्थक झाले आणि मी नकळत गज लांब ओढू लागले. नाच मागे पडला होता, स्वरांचा क्रम टिकला होता. मामींनी वरची ओळ धरली, मी खालच्या सप्तकात तीच. मुलं मध्ये गात होती.

थांबल्यावर मामींनी विचारलं, "तिकडे याचे शब्द काय?"

"तिकडे शब्द नाहीत. पायांसाठी आहे."

"आणि ज्याच्या नावाची ती, तो कोण?"

मी लॉर्ड मॅकडोनल्डची हकीकत सांगितली. खंड, बोटी, 'अमेरिका' नावाचा नाच, गवत उपटणारी माणसं. मामींनी ती मुलांना तमिळमधून सांगितली. गवताचा भाग त्यांनी दोनदा सांगितला. मुलांत एक मोठी मुलगी होती, तिने विचारलं की ती माणसं पुन्हा घरी आली का. मी म्हटलं, बहुतेक नाही आली.

शुक्रवार, तिरुवारूर

मामी बरोबर आल्या. तिरुवारूर हे दीक्षितरांचं जन्मगाव; त्यागराज आणि श्यामशास्त्रीही इथलेच. कमलालय तळं इतकं विस्तीर्ण की पलीकडचा घाट धूसर दिसतो. देवळातल्या कमलांबेसमोर मामींनी नवावरणातलं एक चरण हळू आवाजात म्हटलं, आणि आम्ही बाहेर येऊन कॉफी प्यायलो.

मग कामाचं बोलणं झालं. 'कमलासन वंदित' हा आणखी एक नोट्टुस्वर. त्याची चाल 'गॅलोपेड' या इंग्लिश नाचाची. मामींच्या वर्गात तो शिकवतात, पण मूळ चाल त्यांनी कधी ऐकलेली नाही. मी त्यांना ती सरगममध्ये लिहून पाठवायची आणि त्यांनी मला सगळे शब्द देवनागरीत लिहून पाठवायचे, असं ठरलं. "वेगाचा आकडा पण लिहा," मामी म्हणाल्या, "नाचाचा वेगळा आणि गाण्याचा वेगळा. या वेळी मुलांना दोन्ही शिकवणार आहे."